भुईमुगाचं रोप घेऊन ताईच्या सासरी

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरात लोक जातात ते धबधबे बघायला, धरण बघायला, काजवे बघायला. मी गेल्तो घराण्याची अब्रू पोचवायला. ती अब्रू एका प्लास्टिकच्या पिशवीत होती, मुळाला ओलं फडकं गुंडाळून.

पाथर्डी

झालं असं, की माझी ताई दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन राजूरच्या पुढं डोंगरात गेली. यंदा पेरणीच्या आधी आईनं तिला आमच्या रानातल्या दोन पायल्या शेंगा बियाणं म्हणून दिल्या. तीन दाण्याची शेंग. आई ती उंदरांपासून आणि माझ्यापासून सारखीच लपवून ठेवते. ताईनं हौसेनं सासरच्या तुकड्यात लावली. पीक मस्त उठलं, फुलावर आलं, आणि मग पानांवर ठिपके आले. काळे-तपकिरी, भोवती पिवळी कडा. खालची पानं गळायला लागली.

ताईच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विमलमावशी, यांनी बांधावर उभं राहून एका वाक्यात निकाल दिला, "माहेरचं बियाणं, माहेरचा रोग."

ताईचा फोन आला तेव्हा आई भाकरी थापत होती. ताई सासूला आत्याबाई म्हणते.

"आई, आत्याबाई म्हणत्यात, काढणी झाली की सगळ्या शेंगा घाण्याला घालायच्या. त्यातली एक बी बियाण्याला ठिवायची न्हाई. पुढच्या साली परत त्यांचंच बियाणं."

"तू काय म्हणलीस मंग?"

"मी काय म्हणनार? मी भांडी घासली."

ताईचा आवाज बारीक झाला. त्या डोंगरात तिचं स्वतःचं असं एवढंच होतं. ती शेंग आणि एक शिलाई मशीन. मशीनवर सासरे टोपी ठेवतात.

आईनं फोन ठेवला, पिठाच्या हातानं तशीच रानात गेली आणि एक रोप उपटून आणलं. हिरवंगार. वरून बघितलं, झटकून बघितलं, शेजारच्या काकूंना दाखवलं. मी पण बघितलं. पोरगी दाखवायच्या कार्यक्रमात बघतात तसं, समोरून.

"एक ठिपका दिसतो का?"

"न्हाई दिसत," काकू म्हणल्या.

"ह्ये घिऊन जा आन् विहीणबाईंच्या डोळ्यापुढं धर. म्हणावं, ह्ये बघा माहेर."

मी म्हणलं, फोटो पाठवला तर? आई म्हणली, फोटोत तर तूपण बरा दिसतो.

नगर स्टँड

पाथर्डी ते नगर काही सांगण्यासारखं नाही. करंजी घाटात एक काका माझ्या खांद्यावर झोपले, उतरताना मलाच म्हणले, नीट बस जरा.

नगरला संगमनेरची गाडी यायला वेळ होता. मी भेळ खाल्ली, चहा घेतला, रोपाला पाणी शिंपडलं. तरी वेळ शिल्लक. आणि माझ्याकडं शिल्लक वेळ असला की माझ्या तोंडातून दुसऱ्यांचे आवाज येतात. शाळेत हेडसरांच्या आवाजात मी दोनदा शाळा सोडलीय, म्हणजे अख्ख्या शाळेला सोडलीय. तर मी आपला हळूच, नाकातून, भोंग्याच्या आवाजात सुरू केलं, "संगमनेरकडे जाणारी गाडी... फलाट क्रमांक अकरावर लागत आहे..."

शेजारचे दोघं उठले. त्यांना बघून चौघं उठले. एका आजीनं बोचकं डोक्यावर घेतलं आणि पळाल्याच. मी ओरडलो, अहो आजी, ते मी होतो! पण माझ्या खऱ्या आवाजावर कुणाचा विश्वास बसत नाही, ही माझी जुनी अडचण आहे. मी त्यांच्यामागं पळालो. सगळे शेवटच्या फलाटावर पोचलो आणि तेवढ्यात खरी गाडी तिकडं पहिल्या बाजूला लागून, भरून, निघूनसुद्धा गेली.

पुढं तासभर त्या आजी माझ्याकडं बघत बसल्या होत्या. पुढची गाडी लागली तेव्हा त्यांनी मला उभं केलं आणि माझ्या जागेवर बोचकं ठेवलं. मी काहीच बोललो नाही. कुठल्याच आवाजात.

कंडक्टरनं पिशवी बघून विचारलं, "काय हाय?"

"पेशंट हाय."

"सीटवर न्हाई ठिवायचा."

म्हणून ते रोप ओल्या फडक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, गाडीच्या उकाड्यात दिवसभर माझ्या पोटाशी धरलेलं होतं. हे लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

राजूरच्या पुढं

अकोल्यातून जीप. नऊ माणसांच्या जीपमध्ये मी सोळावा, रोप सतरावं. आमच्याकडं पाऊस आला की माणसं बाहेर येऊन बघतात. इथं पाऊस थांबला की बाहेर येऊन बघतात. सगळं हिरवं. भाताची खाचरं, उतारावर नाचणी, आणि मधेच एखादा भुईमुगाचा तुकडा. डोंगरावरून पाणी सरळ रस्त्यावर येतं, कुणी त्याला काही विचारत नाही. आमच्या गावात एवढं पाणी दिसलं असतं तर आधी फ्लेक्स लागला असता.

विमलमावशी दारातच उभ्या होत्या. उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या, पण मी वाकून उभा राहिलो. दाजी मुंबईकडं गाडी घेऊन गेलेले, सासरे बैलांकडं. म्हणजे सामना माझा आणि त्यांचाच.

मी पिशवीतून रोप काढलं. "मावशी, ह्ये बघा माहेर."

मावशींनी बघितलं. वरून. "हिरवं हाय."

"एक ठिपका न्हाई."

"व्हय. न्हाई." मग म्हणल्या, "आमच्याकडं आल्यावर पडत्याल."

मी काय ऐकतोय! सकाळी बांधावर तुलना करू म्हणालो, आणि रोप सुकू नये म्हणून त्यांच्या भुईमुगाच्या तुकड्याला लागूनच, बांधाच्या मातीत खोचून आलो. मागं गेल्या वर्षीच्या वाळक्या वेलांचा ढीग होता, बैलांनी खाऊन उरलेला. त्याच्या पुढं आमचं रोप ताठ उभं. मला तर त्यानं मुठी वळल्यासारखं वाटलं. फोटो काढून आईला पाठवला. आईनं अंगठा पाठवला.

रात्री जेवायला नाचणीची भाकरी, वालाची आमटी आणि भात. आमच्याकडं भात म्हणजे भाकरीनंतर तोंड पुसायला. इथं भाताचा डोंगर आणि त्यात आमटीचं धरण. तीनदा वाढून झाल्यावर मी ताटावर हात आडवा धरला, तर मावशींनी हाताच्या कडेनं वाढलं.

नंतर चुलीपाशी ताईला हसवावं म्हणून मी मावशींचा आवाज काढला. मान थोडी तिरकी, शब्द ओढून, "माऽहेरचं बियाणं... माऽहेरचा रोग... माऽहेरचा भाऊ, त्येला दोन भाकरी कमी वाढ..."

ताई पदरात तोंड घालून हसत होती. मग एकदम हसायची थांबली. मी मागं बघितलं.

"मी आशी नाकात बोलती व्हय?" मावशी म्हणल्या.

मी तिरकी मान सरळ केली.

"आन् दोन भाकरी कमी नसते म्हणले म्या," त्या म्हणल्या. "तीन म्हणले आसते."

अकोले, रोपांचा दवाखाना

सकाळी सासऱ्यांनी सांगितलं, आज अकोल्याचा बाजार, तिथं एक पीक-रोगवाल्या मॅडम बसतात. टेबल, भिंग, वही आणि समोर रांग. मावशी म्हणल्या, चला, त्याच सांगत्याल. नवी साडी नेसल्या, कोर्टात निघाल्यासारख्या. त्यांनी आपल्या भुईमुगाच्या दोन फांद्या जुन्या पेपराच्या घडीत सपाट ठेवल्या. मी बांधावरचं रोप उपटलं आणि परत त्याच ओल्या फडक्यात, त्याच पिशवीत कोंबलं. ताई मधे. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना.

असला दवाखाना मी जन्मात बघितला नव्हता. माणसं सगळी धडधाकट आणि पेशंट पिशवीत. एका आजोबांनी टोपीतून पान काढलं. एकानं मोबाईलच्या कव्हरमधून. माझ्या पुढचा दादा हातात भाताची पानं धरून उभा, त्यावर लांबट डाग, दोन्ही टोकं निमुळती, मधे राखाडी, जसे काय डोळेच.

"काय झालंय तुमच्या पेशंटला?" मी विचारलं.

"करपा. तुमच्या?"

"आमचा पेशंट ठणठणीत हाय. त्याला सर्टिफिकेट पायजे."

त्याच्या पुढची बाई नाचणी घेऊन आली होती. कणसाची मान काळी पडून मोडलेली. मॅडमनी सांगितलं, हा पण करपाच, भाताचा आणि नाचणीचा करपा म्हणजे एकाच भावकीतल्या बुरश्या. भातवाला दादा लगेच नाचणीवाल्या बाईकडं वळला, "बघ, तुझ्या वावरातनं आला!" ती म्हणली, "भावकी तुझी आसंल!" तिथंच वाटणी सुरू झाली. मॅडमनी दोघांना बाकड्याच्या दोन टोकांना बसवलं.

मग आमचा नंबर.

मावशींनी पेपर उघडला. मॅडम म्हणल्या, "वा. असं आणायचं असतं बघा. कोरडं, सपाट." मावशी दोन इंच वाढल्या. मॅडमनी भिंग धरलं. "टिक्का आहे, बुरशीचा रोग. हे ठिपके, ही पिवळी कडा. याच तुकड्यात गेल्या वर्षी भुईमूग होता?"

"व्हय," मावशी म्हणल्या.

"बियाणं?"

"आमचंच."

"तेव्हा ठिपके होते?"

मावशींनी पेपराचा कोपरा दुमडला. "हुते थोडे. म्या म्हणलं, पानं पिकली."

"काढणीनंतर पाला कुठं ठेवला?"

आता मी बांधावरचा तो ढीग डोळ्यापुढं आणला आणि पिशवी सरसावून धरली. मावशी हळू आवाजात म्हणल्या, "तिथंच बांधावर. बैलांना. उरला त्यो वावरात पसरला, खत म्हणून."

"त्यातच बुरशी राहिली. पाऊस पडला, वर उडाली. बियाण्याकडून येण्यापेक्षा हीच वाट मोठी." मॅडमनी फवारणीचं लिहून दिलं, पुढच्या वर्षी त्या तुकड्यात नाचणी घ्या म्हणल्या, आणि पाला वावरापासून लांब नेऊन टाका.

मावशी पेपराची घडी घालत बसल्या. एवढी बारीक घडी मी आजवर बघितली नाही. ताईनं माझ्या पायावर पाय ठेवला, म्हणजे गप. पण मी गप बसणाऱ्यातला असतो तर ही गोष्टच घडली नसती. मी पुढं सरकलो, पिशवी टेबलावर ठेवली आणि वकिलाच्या आवाजात म्हणालो, "मॅडम, आता हे बघा. हे आमचं. पाथर्डीचं. एक ठिपका दाखवा."

मॅडमनी रोप बाहेर काढलं. वरून बघितलं. माझी छाती फुगली.

मग त्यांनी पान उलटलं.

पानाच्या खाली बारीक बारीक नारिंगी फोड होते. पन्नास असतील, शंभर असतील. मॅडमनी बोट फिरवलं. बोट विटकरी झालं, जसं काय गंजलेल्या पत्र्यावरून फिरवलं.

"तांबेरा," मॅडम म्हणल्या.

"कुठं?" मी विचारलं. बोट माझ्या नाकापुढं होतं तरी.

"हे फडकं ओलं कुणी केलं?"

"आईनं. आणि नगरला मी."

"वरून पिशवी. दिवसभर गाडीत. बुरशीची एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही हो." मग त्यांचा आवाज बदलला. "इथं आल्यावर कुठं ठेवलं होतं?"

मी ताईकडं बघितलं. ताई माझ्याकडं बघत होती. मावशींनी घडी घालायची थांबवली.

"त्यांच्या भुईमुगाच्या बांधावर," मी म्हणालो. माझ्या खऱ्या आवाजात.

माहेरचा रोग सासरी आला नव्हता. माहेरचा रोग मी आणला होता. एसटीनं, तिकीट काढून, पोटाशी धरून.

मॅडमनी सांगितलं ते असं: रोप जाळा. ते उभं होतं त्याच्या आसपासची पानं आठ-दहा दिवस रोज उलटून बघा. एक जरी फोड दिसला तरी ती झाडं काढा. तांबेरा वाऱ्यावर जातो, एकदा पसरला की वावर करपल्यासारखं होतं.

परतीच्या जीपमध्ये मी एकदा खोकलो, तर ताई म्हणली, "तू नको."

बांधावर दहा दिवस

मी दोन दिवसांच्या कपड्यांवर गेल्तो. तिथं बारा दिवस राहिलो.

रोप मावशींनी स्वतः चुलीत घातलं. मग म्हणल्या, "आनलं कुनी?"

"मी."

"मंग बघनार कुनी?"

"मीच."

रोज सकाळी सासऱ्यांची घोंगडी पांघरून मी बांधावर उकिडवा. एकेक फांदी धरायची, पान उलटायचं, खाली बघायचं, सोडायचं. पुढची. पावसाचं पाणी मानेवरून आत. जाणारे येणारे विचारायचे, "काय हरवलं का पाव्हनं?" मी म्हणायचो, "अब्रू." ते म्हणायचे, "सापडंल, सापडंल," आणि पुढं जायचे.

पहिल्या संध्याकाळी आईला फोन केला.

"आई, आपल्या रानातली पानं उलटून बघ."

"कशापायी?"

"बघ तर."

अर्ध्या तासानं तिचा फोन आला. आधी नुसती पानांची सळसळ. मग, "आगं बया." मग एकदम बारीक आवाजात, "आरं, विहीणबाईंना कळू देऊ नगंस."

"त्या माझ्या शेजारीच उभ्या हायेत."

आईनं फोन कट केला.

तिसऱ्या दिवसापासून मावशी पण बांधावर यायला लागल्या. राखण म्हणून आल्या असाव्यात, पण बसल्या आणि त्याही पानं उलटायला लागल्या. ताई पलीकडून. तिघं तीन सऱ्यांत, तोंडं खाली. न बोलता किती वेळ बसणार? पाचव्या दिवशी मावशी म्हणल्या, "ती मॅडम कशी बोलली रे?" मी काढला मॅडमचा आवाज. "आन् आमचे हे?" मी सासऱ्यांचा काढला, बैलाला हाक मारतात तो आणि मावशींना हाक मारतात तो. दोन्ही एकच आहे, हे मावशींच्या तेव्हाच लक्षात आलं. त्या एवढ्या हसल्या की सरीतल्या चिखलातच फतकल मारून बसल्या.

मधेच एका दुपारी त्यांनी आणि ताईनं बांधावरचा तो पाल्याचा ढीग पाट्या भरभरून लांब ओढ्यापलीकडं नेऊन टाकला. मला बोलावलं नाही. मी बघितलं, पण बघितलं नाही असं केलं.

सातव्या दिवशी सापडला. रोप जिथं खोचलं होतं त्याच्या अगदी शेजारच्या झाडाला, एका पानाखाली, तीन फोड. मी ओरडलो. मावशी पळत आल्या, ताई आली. मावशींनी बोट फिरवलं आणि बोट बघत बसल्या. मग ते झाड आणि आजूबाजूची पाच झाडं उपटली आणि तिथंच रॉकेलच्या दोन थेंबांवर धुमसत जाळली. ताईच्या हातात एका झाडाच्या कच्च्या शेंगा राहिल्या होत्या. ती त्या सोडेना.

मावशींनी ते बघितलं.

आठवा दिवस, नववा, दहावा. अकराव्याला खात्री म्हणून परत. मी एवढी पानं उलटली की रात्री झोपेत चादर उलटून बघायचो. पण तांबेरा परत दिसला नाही.

शेवटच्या दिवशी

मी बॅग भरली. मावशी दारात आल्या, मोबाईल माझ्या हातात दिला.

"तुझ्या आईला लाव. आन् माझ्या आवाजात सांग."

"काय सांगू?"

"सांग, की बियाण्याचं काय न्हाई. चांगलं हाय."

"तुमीच सांगा की."

"मी न्हाई सांगनार. तुला येतोय ना माझा आवाज? मंग काढ."

ताई चुलीपाशी उभी, हातात उलथनं, हालत नाही.

मी फोन लावला. मान तिरकी केली, शब्द ओढले. "विऽहीणबाई... म्या बोलती..."

"बोला, बोला," आई घाबरून म्हणली.

"तुमचं बियाणं चांगलं हाय वो. रोग आमच्याच पाल्यातनं आल्ता. तुमच्या पोरीला उगा बोलले म्या..." इथवर बरोबर चाललं होतं. पण मला कधी थांबायचं ते कळत नाही. "...लई चुकलं माझं, विहीणबाई, पदर पसरती..."

"पदर कुनी पसरला?" मावशींनी फोन हिसकावला. "दे हिकडं! हॅलो. विहीणबाई, म्या. खरी. त्यो तुमचा पोरगा हुता आत्तापातुर. पदर-बिदर काय न्हाई." मग दम घेतला. "पर बियाण्याचं खरं हाय. चांगलं हाय तुमचं. घाण्याला घालत न्हाई मी. निवडून दोन पायल्या ठिवती. सूनबाई लावंल पुढल्या साली, वरच्या तुकड्यात. ...व्हय. ...न्हाई वो, तुमी कशाला माफी मागताय, उलट आमीच..."

आणि थांबल्या, कारण त्यांच्या लक्षात आलं की मी त्यांच्या आवाजात जे म्हणलं, त्या तेच बोलत होत्या. माझ्याकडं एकदा रागानं बघितलं.

ताईनं उलथनं खाली ठेवलं आणि पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते. हसत होती का रडत होती, मी विचारलं नाही.

"बरं, आनि एक," मावशी फोनमध्ये म्हणल्या. "पुढच्या टायमाला शेंगा पाठवा, रोप नगा पाठवू. आन् पोरगं पाठवायचं आसंल, तर निघायच्या आधी एकदा उलटून बघा."